कुडाची भिंत आणि आतली साखर



समोरच्या टेबलावर मी तीन बाटल्या ठेवल्या आहेत. पहिलीत उसाचं चिपाड आहे, साखर कारखान्याच्या शेवटच्या मिलमधून बाहेर पडतं तसंच, फक्त वाळवलेलं. दुसरीतही तेच चिपाड आहे, पण ते १९० अंश सेल्सिअसच्या वाफेत दहा मिनिटं राहून आलंय. रंग चॉकलेटी, हाताला ओलसर, बोटांनी चुरलं की चिखलासारखं होतं. तिसरीत काळपट भुकटी आहे. अशा शिजवलेल्या चिपाडातली साखर काढून घेतली की हे उरतं. आज मी मुख्यतः पहिल्या बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जाण्याच्या वाटेबद्दल बोलणार आहे. वाट दहा मिनिटांची दिसते. ती सापडायला माणसाला दोनशे वर्षं लागली आहेत आणि अजून ती नीट सापडलेली नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

या वाटेवर मला आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आणलं. आठवीत होतो आम्ही. गुरुजींनी भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला, पेज निळी झाली. मग पेंढ्याचा तुकडा ठेचून, उकळून त्यावर थेंब टाकला. काही झालं नाही. फळ्यावर त्यांनी दोन्हींची घडण काढून दाखवली. दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा आणि पेंढ्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. मग त्यांनी कापसाचा बोळा गंधकाम्लात विरघळवला, हळूहळू पाणी घालून पातळ केला, उकळला, सोड्याने आम्ल मारलं आणि बेनेडिक्टचं द्रावण घालून गरम केलं. निळ्याचा विटकरी लाल रंग झाला. कापसाची साखर झाली होती. आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, मग याचे कारखाने का नाहीत? गुरुजी म्हणाले, “आम्ल साखरेहून महाग पडतं, आणि ते परत मिळत नाही.” पुढे तीस वर्षं या विषयात काम करताना त्या एका वाक्याबाहेर मी फारशी गेले नाही. आम्लाच्या जागी कधी वाफ आली, कधी अमोनिया, कधी एन्झाइम. प्रश्न तोच राहिला: आतली साखर सोडवायला जे खर्ची पडतं, ते साखरेपेक्षा स्वस्त कसं करायचं?

गुरुजींनी वर्गात केलेला प्रयोग फ्रान्समधल्या आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली केला होता. त्याने जुन्या लिननच्या चिंध्या गंधकाम्लात घालून साखर केली. तेव्हा सेल्युलोज हे नावही नव्हतं. ते आंसेल्म पायेन यांनी १८३०च्या दशकाअखेर दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जॉर्जटाउन आणि फुलर्टन या दोन गावी लाकडाच्या भुशावर सौम्य आम्ल वापरून अल्कोहोल काढणारे कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, लाकूड गिरण्यांचा भुसा कमी झाला, मळी स्वस्त मिळू लागली, कारखाने बंद पडले. जर्मनीत शोलर आणि बर्गियस यांच्या नावाच्या पद्धतींचंही तेच झालं. सोव्हिएत संघात असे कारखाने बरीच दशकं चालले, कारण तिथे नफ्यातोट्याचा हिशेब निराळा होता. लाकडाची साखर करता येते हे कुणी नाकारत नव्हतं. ती परवडते का, यावर गाडं अडत होतं.

अडतं कुठे हे समजायला आधी काडीच्या आत जावं लागेल. तुमच्यापैकी ज्यांचं आजोळ कोकणात किंवा मावळात असेल त्यांनी कुडाची भिंत पाहिली असेल. आत कारवीच्या किंवा बांबूच्या उभ्या काठ्या, त्यांना बांधणाऱ्या वेली नाहीतर सुंभ, आणि वरून शेणमातीचं लिंपण. प्रत्येक वनस्पतीच्या पेशीची भिंत अशीच असते. सेल्युलोज म्हणजे काठ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे त्यांना गुंतवणारं सुंभ, लिग्निन म्हणजे लिंपण. चिपाडात सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के, हेमिसेल्युलोज २५ ते ३० टक्के आणि लिग्निन २० ते २५ टक्के असतं. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त भाग साखरेच्या साखळ्यांचाच आहे. ज्या चिपाडातून आपण रस पिळून काढला त्याच्या काड्यांत अजूनही भरपूर साखर उरलेली असते. फक्त ती गोड लागत नाही.

आता काठ्या इतक्या चिवट का? स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, त्यामुळे साखळीला पीळ पडतो, ती सैल गुंडाळी होते आणि पाणी आत शिरतं. म्हणून तांदूळ वीस मिनिटांत शिजतो. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी आधीच्या मण्याकडे पाठ फिरवून बसतो. एवढ्याशा फरकाने साखळी सरळ होते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून पट्टे होतात, पट्ट्यांवर पट्टे बसून स्फटिकासारखा घट्ट जुडगा होतो. त्यात पाण्याच्या रेणूलाही मुश्किलीने जागा मिळते. पेंढा दिवसभर उकळला तरी पेंढाच राहतो. त्यातही लिंपण नसतं तर एन्झाइमने बाहेरून कुरतडत काम केलं असतं. गुरुजी एन्झाइमला विकर म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणायचो. पण काडीतली बहुतेक छिद्रं विकराच्या रेणूहून लहान असतात आणि ज्या लिग्निनला विकर स्पर्श करतं त्याला चिकटून बसतं. महागडं विकर काम करण्याऐवजी भिंतीला चिकटून वाया जातं. झाडाने हे मुद्दामच केलं आहे. चाळीस कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यांना कणाही हवा होता, पाणी वर चढवायला न गळणाऱ्या नळ्याही हव्या होत्या आणि बुरशीपासून रक्षणही हवं होतं. लिग्निनने तिन्ही कामं केली. म्हणून त्याचा मी कधी शत्रू म्हणून उल्लेख करत नाही. आपण ज्याला अडथळा म्हणतो त्याच्यावर जगातलं प्रत्येक झाड उभं आहे.

ही भिंत मोडायच्या आधी ती सैल करायची, याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. पूर्वप्रक्रिया साखर करत नाही. साखर करणाऱ्याला आत जायला वाट करून देते. सांगायला सोपं असलं तरी सगळ्या कारखान्याचं भवितव्य या पायरीवर ठरतं. इथे चूक झाली तर पुढे विकर दुप्पट लागतं, साखर आंबवून इथेनॉल करणारं यीस्ट मरतं, सांडपाण्याचा डोंगर होतो.

वाफेची गोष्ट घ्या. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात लॉरेल नावाच्या गावी विल्यम मेसन हा माणूस लाकूड गिरणीतल्या टाकाऊ तुकड्यांचं काय करावं याच्या मागे लागला होता. तो पूर्वी एडिसनबरोबर काम केलेला. त्याने लाकडाचे तुकडे पोलादी नळकांड्यात भरले, जबर दाबाची वाफ सोडली आणि एकदम तोंड उघडलं. लाकडाच्या तंतूतंतूत शिरलेलं पाणी क्षणात फुगलं आणि तुकड्यांचा पिंजलेला कापूस झाला. त्यापासून त्याने मेसोनाइट नावाच्या फळ्या बनवल्या. इंधन हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण आज जगात ज्याला स्टीम एक्स्प्लोजन म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे.

यातली एक बाब मला फार सुंदर वाटते. या पद्धतीत वरून आम्ल घालावंच लागतं असं नाही. हेमिसेल्युलोजच्या साखळीला ठिकठिकाणी अॅसिटिल गट लटकलेले असतात. गरम पाण्यात ते सुटतात आणि त्यांचं अॅसेटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगर. ते आम्ल मग उरलेल्या हेमिसेल्युलोजला कापत सुटतं. आपली भिंत सैल करणारं आम्ल झाड स्वतःच पुरवतं. दरम्यान लिग्निन वितळून जागचं हलतं आणि गार झालं की थेंबांसारखं पुन्हा काठ्यांवर बसतं. लिंपण गेलं नाही, पण त्याला भेगा पडल्या. विकराला तेवढं पुरतं.

किती वेळ आणि किती उष्णता, याचं गणित ओव्हरएंड आणि शॉर्ने या दोघांनी १९८७ साली एका सूत्रात बसवलं. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढवलं की वेळ निम्मा होतो. १८० अंशांना वीस मिनिटं लागत असतील तर १९०ला दहा आणि २००ला पाच. घरच्या कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. १९० अंशांच्या वाफेचा दाब कुकरच्या साधारण सहापट. पण स्वयंपाकघरातला दुसरा नियमही इथे लागू आहे: लागलं की संपलं. जास्त शिजवलं तर सुटलेल्या साखरेतलं पाणी उडतं. हेमिसेल्युलोजमधून सुटणाऱ्या झायलोज या साखरेचं फुरफुराल होतं, ग्लुकोजचं त्याच जातीचं दुसरं संयुग होतं. दोन्ही यीस्टला विषारी. म्हणजे कमी शिजवलं तर साखर सुटत नाही आणि जास्त शिजवलं तर सुटलेली जळते. दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं तर आंबट व्हिनेगरचा आणि करपलेल्या काकवीचा वास एकत्र येईल. त्यामागून कडू बदामासारखा वास जाणवला तर समजा, आमचा हात थोडा जास्त चालला.

सौम्य आम्ल, वाफ, अमोनिया, कॉस्टिक, सेंद्रिय द्रावकं अशा पद्धती बऱ्याच आहेत. मी सगळ्या सांगत बसत नाही. आम्लधर्मी पद्धती सुंभ काढतात, अल्कधर्मी पद्धती लिंपण काढतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. आसाममध्ये नुमालीगड इथे बांबूपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यात फॉर्मिक आम्लावर आधारित फिनलंडची पद्धत आहे, कारण बांबूच्या घट्ट काडीला निव्वळ वाफ पुरी पडत नाही. पीक बदललं की पद्धत बदलते.

विकरांचीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि कपडे काही आठवड्यांत कुजून जात. सैन्याने त्यावरच्या बुरशा गोळा केल्या. सॉलोमन बेटांवरच्या एका तंबूच्या कापडावर जी बुरशी सापडली ती सेल्युलोज खाण्यात सगळ्यांत तरबेज निघाली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या सैन्याच्या प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तंबू वाचवायला सुरू केलेलं काम तंबू खाणारीला जोपासण्यात संपलं. पुढे तिला रीज यांचं नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसेई, आणि आज जगातली सेल्युलोज कापणारी बहुतेक विकरं, म्हणजे सेल्युलेज, तिच्याच वंशजांकडून येतात. रीज यांनी १९५० साली सहकाऱ्यांबरोबर एक कल्पना मांडली होती: बुरशीकडे कापणारी विकरं असतात, पण त्यांच्या आधी घट्ट जुडगा सैल करणारं काहीतरी वेगळं असलं पाहिजे. ते काय, हे साठ वर्षं नक्की कळलं नाही. २०१० साली नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवलं की, स्फटिकासारख्या पृष्ठभागावरच चिरा पाडणारं एक विकर खरोखर असतं; त्याला तांब्याचा अणू लागतो हे पुढच्या वर्षी स्पष्ट झालं. बुरशीसुद्धा आधी भिंत सैल करते आणि मग खाते. पूर्वप्रक्रिया ही माणसाने काढलेली युक्ती नाही.

आपल्याकडेही हे ज्ञान होतं, फक्त त्याला हे नाव नव्हतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला कागद करणारे कारागीर तागाच्या जुन्या दोऱ्या आणि गोणपाट चुन्यात आणि खारात मुरवत, कुटत, धूत. ती अल्कधर्मी पूर्वप्रक्रिया होती. गोठ्यातला युरिया घ्या. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबायचा, प्लॅस्टिकने झाकून २१ दिवस ठेवायचा. आत युरियाचा अमोनिया होतो, तो काडीला फुगवतो, लिंपणाची पकड ढिली करतो. जनावराला तो पेंढा जास्त पचतो आणि त्याला नत्रही मिळतं. अमेरिकेत ब्रूस डेल यांनी दाबाखालच्या अमोनियाची जी पद्धत विकसित केली तिच्यातलं रसायनशास्त्र याच जातीचं आहे. तिथे तीन आठवड्यांऐवजी काही मिनिटं लागतात. धिंगरी अळिंबी लावणाऱ्या आमच्या भगिनी तर लिग्निन खाणारी बुरशीच पोसतात. त्यांच्या पिशवीतला पेंढा अळिंबी निघेपर्यंत पांढरा, मऊ होतो, तो उगाच नव्हे.

आता मला आलेला एक अनुभव सांगते, कारण माझं मत तिथे बदललं. एका पथदर्शी प्रकल्पात आम्ही उसाचं पाचट वापरत होतो. तिथे वाफेच्या रिअॅक्टरच्या तोंडाशी एक जाड पोलादी स्क्रू असतो. तो पाचट दाबत दाबत पुढे नेतो आणि दाबल्या गेलेल्या पाचटाचं बूच तयार होतं. मागे बारा-तेरा बार दाबाची वाफ असते आणि तिला अडवतं ते फक्त हे बूच. चौथ्या दिवशी पहाटे बूच सुटलं. वाफ उलट आली, फीडरच्या तोंडातून गरम लगदा छतापर्यंत उडाला. सुदैवाने जवळ कुणी नव्हतं. थंड झाल्यावर स्क्रू बाहेर काढला. आमच्या फिटरने तो बाकावर नव्या स्क्रूशेजारी ठेवला आणि व्हर्निअरने कडा मापल्या. चार दिवसांत पोलादाची कड हाताला जाणवेल एवढी झिजली होती. आतल्या लगद्यात काळी माती, खडे आणि ठिबकच्या नळीचे तुकडे निघाले. फिटरने विचारलं, “मॅडम, हे हाताने गोळा केलंय की रेक लावून?” रेक लावून केलं होतं. ट्रॅक्टरच्या मागचा रेक पाचटाबरोबर जमीनही खरवडून आणतो. आम्ही तापमानाचा अर्धा अंशही मोजत होतो आणि मातीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी म्हणते आहे आणि आजही तेच म्हणायला उभी आहे: पूर्वप्रक्रिया शेतात सुरू होते, कारखान्याच्या फाटकाशी नव्हे. काडी कशी कापली, किती वाळली, गठ्ठा कसा बांधला, पावसात भिजला का, मातीचं काय झालं, हे सगळे त्याच प्रक्रियेचे भाग आहेत. भाताच्या पेंढ्यात राखच पंधरा टक्क्यांच्या आसपास असते, तीही मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचंच रूप. त्यात शेताची माती मिसळली की लोखंड वाचत नाही.

जगात गेल्या दहा-बारा वर्षांत जे मोठे कारखाने निघाले त्यांच्याकडे या नजरेने पाहा. इटलीतल्या क्रेशेंतिनोचा कारखाना २०१३ साली सुरू झाला आणि २०१७ साली मूळ कंपनी बुडाल्यावर थांबला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या नेव्हाडा गावी ड्यूपॉन्टने २०१५ साली मक्याच्या ताटांवर चालणारा प्रचंड कारखाना उघडला, दोन वर्षांत बंद केला. कॅन्ससमधला ह्यूगोटनचा कारखाना मालक दिवाळखोरीत गेल्याने थांबला. रोमानियातल्या पोदारीचा कारखाना २०२३च्या अखेरीस बंद झाला. प्रत्येकाची कारणं निराळी आहेत. तेलाचे भाव, कर्ज, धोरणं यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि सगळं खापर मी काडीवर फोडत नाही. पण ब्राझीलमध्ये जे थोडं टिकलं ते बघा. तिथे रायझेन या कंपनीने पिरासिकाबाला साखर कारखान्याच्या अंगणातच चिपाडापासून इथेनॉल काढायला सुरुवात केली आणि २०२४ साली ग्वारिबाला त्याहून बराच मोठा कारखाना उभा केला. चिपाड फाटकाच्या आत असतं. उसाबरोबर ते आधीच आलेलं असतं, मिलमध्ये पिळलेलं, पाण्याने धुतलेलं, बारीक झालेलं. गोळा करणं, वाहून आणणं, तोडणं, धुणं ही चार कामं साखरेच्या खर्चात होऊन गेली.

आपल्या देशात या कामाची जुनी परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या सेल्युलेजवर उत्तम काम झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारी आणि तिच्यापासूनच्या अल्कोहोलवर अनेक वर्षं काम केलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली जे तंत्र घडलं त्यावर उत्तराखंडात काशीपूरला २०१६ साली रोज १० टन काडीचा प्रकल्प सुरू झाला. आणि हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं, खर्च ९०० कोटींच्या वर.

पानिपतचा जाहीर झालेला हिशेब असा: वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल. भागाकार करा. टनामागे १५० लिटर. कोरड्या पेंढ्यातली सगळी साखर सुटली आणि सगळी आंबली तर कागदावर टनाला ४०० लिटरच्या पुढे आकडा जातो. मधला फरक कुठे गेला? थोडा ओलाव्यात आणि राखेत, कारण गठ्ठ्याचं वजन म्हणजे कोरडी काडी नव्हे. थोडा न उघडलेल्या भिंतीत. थोडा झायलोजमध्ये, कारण आपलं नेहमीचं यीस्ट झायलोज आंबवत नाही, त्याला ते शिकवावं लागतं. आणि थोडा विकर व यीस्ट वाढवण्यात. मला या आकड्यात अपयश दिसत नाही. मला त्यात पुढच्या वीस वर्षांचं काम दिसतं. तिथला शेतकरी भात कापल्यावर दोन-तीन आठवड्यांत गहू पेरायला घाईत असतो. एवढ्या खिडकीत गठ्ठे बांधून उचलायचे आणि वर्षभर आगीपासून, पावसापासून जपायचे. रिअॅक्टरच्या आतली दहा मिनिटं आणि बाहेरचे अकरा महिने, दोन्ही सारख्याच जबाबदारीने सांभाळायचे आहेत.

मग महाराष्ट्राने काय करावं? या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. आपल्याकडे चिपाड आहे, पण ते मोकळं नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. पाचट आहे, हेक्टरी आठ-दहा टन. पण माझी आत्या उसाची शेती करते. मी तिला पाचटाचं इथेनॉल कसं होतं ते सांगत होते, तेव्हा तिने विचारलं, “तू पाचट नेलंस तर माझ्या रानात काय राहील?” तिचा प्रश्न बरोबर आहे. सरीत पाचट आच्छादून ठेवलं तर ओल टिकते, तण कमी येतं, कुजल्यावर सेंद्रिय कर्ब वाढतो. पाचट जाळणं वाईट यात शंका नाही. पण जाळलं जातंय म्हणून सगळं उचलायचं, हेही मला पटत नाही. आधी जमिनीचा वाटा, मग कारखान्याचा.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काडीचं, तसं नाही. विदर्भ-मराठवाड्यात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी शेताबाहेर काढावीच लागते. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम तिच्यात राहतो, म्हणून कृषी खातंच ती उपटायला सांगतं. तिच्यातली थोडी चुलीला जाते आणि पुष्कळशी बांधावर पेटवली जाते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीच्या भुग्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलं त्याला कितीतरी वर्षं झाली. मी म्हणेन, महाराष्ट्राने पहिला हात पऱ्हाटीला घालावा. ती सोपी नाही, लाकडासारखी टणक आहे, लिग्निन भरपूर आहे, सालीत माती अडकते. पेंढ्याला बसवलेली रेसिपी तिला चालणार नाही. पण जी काडी शेतकऱ्याला नकोच आहे तिच्यावर मेहनत घेण्यात न्याय आहे. आणि गोळा करणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. टाकाऊ शब्द वापरला की भाव द्यावा लागत नाही. म्हणून तो शब्द मी वापरत नाही.

या काडीतून फक्त इंधन काढावं असंही मला वाटत नाही. मघाशी ज्या फुरफुरालला विष म्हटलं, ते मुळात विकायचा माल आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटाच्या टरफलांपासून त्याचं उत्पादन सुरू केलं आणि आजही ते मक्याच्या बुरकुंडांपासून नि चिपाडापासून होतं; त्यापासून ओतकामातल्या वाळूला बांधणारी राळ बनते. झायलोजपासून झायलिटॉल होतं, दात न किडवणारी साखर. नॉर्वेत बोरेगार्ड ही कंपनी स्प्रूसच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा सुवास देणारं व्हॅनिलिन करते. इथेनॉल एकदा जळलं की संपलं. रसायन कुणाच्या तरी हातात, घरात, यंत्रात वर्षानुवर्षं राहतं. भिंत उघडताना सुंभही जपायचं आणि लिंपणही जपायचं, तर पूर्वप्रक्रिया हळुवार करावी लागेल. थोडी कमी उष्णता, थोडा जास्त वेळ. घाईत शिजवलेल्या काडीतलं लिग्निन गुठळी होऊन बसतं, मग त्याचं जाळण्यापलीकडे काही करता येत नाही.

म्हणूनच ती तिसरी बाटली आणली आहे. ही भुकटी आज बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाते. या टेबलावर ठेवलेली दोन वेगवेगळ्या वेळी शिजवलेल्या चिपाडाची आहे: खालचा काळा थर २०५ अंशांचा, वरचा फिकट तपकिरी १८० अंशांचा. बाटली हलवू नका, थर मिसळतील. शाळेतल्या मुलांनी आता पुढे यायला हरकत नाही. पहिल्या बाटलीतलं चिपाड आणि दुसरीतलं, दोन्ही चिमटीत घेऊन बघा. दुसरीचं झाकण मी उघडते, तुम्ही आधी थोडं लांबून वास घ्या.

गुरुजींच्या पत्नी आज पहिल्या रांगेत आहेत. पहिला वास त्यांनी घ्यावा अशी विनंती करते.